कुस्करलेली भाकरी

धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर सोडलं तर बाहेरचं माणूस सहसा फिरायला जात नाही. मीही कामासाठीच गेले. परत येऊन आता काही महिने झालेत. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांना तो कसा आहे ते सांगावं, एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं.

आम्ही तिघं होतो. अर्थशास्त्र शिकवणारे आमचे सर, लातूरकडच्या दातांच्या डॉक्टर सबा आणि मी. विषय चोरट्या व्यापाराचा. आपल्या राज्यात गुटख्याला बंदी आहे, तरी तो राज्याच्या सीमेपलीकडून येतो, गावोगाव विकला जातो, खाल्ला जातो. त्या येण्याचा, विकण्याचा आणि खाण्याचा घरादारांवर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. सर मालाची वाट शोधणार, डॉक्टर सबा तोंडं तपासणार आणि मी बायकांशी बोलणार. हे काम माझ्याकडे आलं ते मी फारशी बोलत नाही म्हणून. गप्प बसणाऱ्यासमोर लोक जास्त बोलतात, असं सरांचं मत. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी घरात बोलते, पण परक्या माणसाशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. त्यामुळे गप्प राहणं मला सोयीचंच पडतं.

परंडा

कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरून एसटीनं परंड्याला पोचलो. फेब्रुवारी लागला होता. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, पानं वाळत चाललेली. मधूनच उसाचा हिरवा तुकडा, पुन्हा मैलभर फिकट पिवळं रान. ऊन पुण्यासारखंच असेल, पण आड यायला काही नसल्यामुळे ते जास्त वाटतं.

किल्ले म्हटलं की मला चढण आठवते. परंड्याचा किल्ला सपाटीवर आहे, गावाला लागून. दुकानं संपतात तिथं खंदक सुरू होतो. आत मोठमोठ्या तोफा ऊन खात पडलेल्या. एका तोफेच्या तोंडात हात घालायला गेले आणि हाताला प्लास्टिक लागलं. रिकाम्या पुड्यांनी तिचं तोंड भरलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यात भिंती लाल झालेल्या. खंदकाच्या तळाशी पाणी नव्हतं, चकाकत होत्या त्या पुड्याच.

बाहेर येऊन एका दुकानात चहा घेतला. सरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पुडी मिळेल का?"

"बंदी हाय सर," दुकानदार म्हणाला. "सरकारनं बंद केलंय. आमी ठेवतच न्हाय."

तेवढ्यात एक पागोटेवाले आजोबा आले. तोंडातून शब्दही न काढता त्यांनी फळीवर हात ठेवला. दुकानदारानं गुळाच्या डब्याखालून काहीतरी काढून त्या हातावर ठेवलं.

"मग हे काय दिलंत?" सर हसून म्हणाले.

"बडीशेप."

"लई कडक बडीशेप हाय," आजोबा पुडी फाडत म्हणाले. "तुमाला न्हाय सोसायची, सर. तुमी आपलं चहा प्या."

दुकानातले सगळे हसले, आम्हीही हसलो. आजोबांनी पुडी तोंडात टाकली ती मान मागं टाकून, ओठांच्या फटीतून, पत्र टपालपेटीत सरकवावं तशी. त्यात वेगळं काही आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या वर्गात तपासणी होती. डॉक्टर सबांची पहिली परीक्षा अगदी साधी होती. मधली तीन बोटं जुळवायची आणि उभी धरून दातांच्या मधे घालायची. निरोगी माणसाच्या तोंडात ती बसतात. सुपारी-तंबाखूनं गालांच्या आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते, तोंड मिटत येतं, तिखट लागताच आग होते. मग दोन बोटं बसतात, मग एक. गेलेलं परत पूर्ण येत नाही, आणि त्यातून पुढं कधी कॅन्सरही होतो.

तपासणीआधी प्रत्येकाला दोन वाक्यं सांगायची, हे माझं काम होतं. तुमचं नाव आम्ही कुठेही लिहिणार नाही. तुमच्या तब्येतीबद्दल तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगणार नाही.

दुपार कलल्यावर, रांग संपल्यावर एक जण आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्याचं खरं नाव इथं देत नाही. गणेश म्हणू. माझी दोन वाक्यं त्यानं नीट ऐकून घेतली आणि म्हणाला, "घरी बी न्हाय ना कळनार?"

"घरीसुद्धा नाही."

"आन् पाहुण्यांत? लगीन जमायलंय माझं."

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

'कुणालाच' हा शब्द मला पाठ करायला दिलेल्या वाक्यांत नव्हता. तो माझा होता.

त्याच्या तोंडात एकच बोट गेलं, तेही तिरकं. डॉक्टर सबांनी बॅटरी धरून बराच वेळ आत पाहिलं. गालाच्या आत त्यांना एक पांढरा डाग दिसला होता. सोलापूरला जा, त्याचा तुकडा काढून तपासून घ्या, या आठवड्यात जा, असं त्या मोजक्या शब्दांत म्हणाल्या. तो मान हलवत राहिला.

सरांशी मात्र तो बराच बोलला. दात फारसे न हलवता बोलायचा, त्यामुळे पुढं वाकून ऐकावं लागत होतं. त्याचा टेम्पो होता. सीमेकडून पशुखाद्याची पोती आणायचा, त्यांच्या खाली माल. गाडी चालवताना डोळा लागू नये म्हणून पुडी खायला लागला.

"बंदी उठली तर तुम्ही काय कराल?" सरांनी विचारलं.

"बंदी उठली तर मला कोन विचारतंय? मग कुनीबी आणील," तो म्हणाला. "आदी बिस्किटं विकायचो सर. बिस्किटावर लगीन जमत न्हाय."

ईट

भूमवरून ईटला जीपनं गेलो. इकडची जमीन वरखाली होते, मुरमाड आहे, आणि दूधदुभतं भरपूर. भूम तालुक्यातला खवा लांबलांब जातो. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या आण्णांचीही खव्याची भट्टी होती. सरांची आणि त्यांची ओळख जुनी, वसतिगृहातली. घरात आण्णा, सुमनकाकू आणि त्यांची मुलगी आरती. आरती माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. बीएस्सी झालेली, पुढं शिकवणीचे वर्ग घ्यायचा विचार करणारी.

भट्टीवर मोठ्या कढईत दूध आटत होतं. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तिथून हलवत नव्हतं. सुमनकाकूंनी गरम खवा साखर घालून माझ्या तळहातावर ठेवला. तो चटका बसून माझ्या हातून सांडला आणि कुत्र्यानं संपवला.

"असू दे बाई," काकू म्हणाल्या. "त्याचा बी वाटा असतोय."

रात्री जेवताना आण्णांच्या ताटात भाकरी अख्खी नव्हती. आरतीनं ती आधीच चुरून, दूध घालून, बोटांनी लगदा करून ठेवली होती. मी विचारलं, "त्यांना बरं नाही का?"

"का? कुस्करून दिलीय म्हनून? आमच्यात गडीमानसं तशीच खात्यात. लई वर्सं झाली," आरती म्हणाली.

मला 'कुस्करणं' हा शब्दही नवा होता. आण्णांनी डॉक्टर सबांना तपासू दिलं नाही. "माझं जुनं झालंय," म्हणाले. "तरन्या पोरांचं बघा." खिशातली पुडी त्यांनी आमच्यादेखत उशीखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी बायकांना तीन बोटांची परीक्षा दाखवली. शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. एकीनं सासूला करायला लावलं. सासू बोटं तोंडात घालून काहीतरी बोलायला गेली, आणि ते ऐकून सगळ्या भिंतीला टेकून हसायला लागल्या. आरतीचीही तीन बोटं सहज बसली. तिनं ती काढून ओढणीला पुसली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आण्णांना एक बी न्हाय जायाचं."

दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाची बोलणी सुरू झाली. आरतीच्या लग्नाची सुपारी फुटणार होती. आम्ही निघायचं म्हटलं, तर आण्णा ऐकेनात. "घरात कार्य आन् तुमी जानार? लोक मला काय म्हनतील?"

सुपारी फोडणं म्हणजे काय हे मला सुमनकाकूंनी सांगितलं. दोन्हीकडची चार मोठी माणसं बसतात, देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलणं होतं, आणि सगळं पटलं की सर्वांसमोर सुपारी फोडतात. ती फुटली की शब्द पक्का. पुण्यात आमच्याकडे साखरपुड्याच्या हॉलची तारीख मिळाली की शब्द पक्का होतो. इथं वस्तू फुटल्याचा आवाज यावा लागतो.

पाहुणे दहाच्या सुमाराला आले. मी खिडकीशी होते. जीपमधून आधी वडीलधारी उतरली, मग इस्त्रीच्या शर्टातला मुलगा. तो गणेश होता.

मी मागच्या दारानं डॉक्टर सबांना गाठलं. त्यांनी आणि सरांनीही त्याला पाहिलं होतं.

"आपण सांगायला नको?" मी विचारलं.

"कुणाला सांगणार?" त्या म्हणाल्या. "त्याला शब्द दिलाय आपण. आज तो मोडला तर उद्या परंड्यात एक माणूस माझ्यापुढं बसणार नाही, आणि ज्यांना वेळेत कळायला हवं त्यांना कळणार नाही." मग म्हणाल्या, "मी त्याच्याशी बोलते. सांगायचं ते त्यानं सांगावं."

त्या बोलल्याही, गोठ्याच्या बाजूला. परत आल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

जेवायला खव्याच्या पोळ्या होत्या, आमटी होती, ठेचा होता. मी वाढत नव्हते, पण दारात उभी होते. गणेशनं पोळी चुरली, दुधात भिजवली आणि बोटांच्या टोकांनी थोडी थोडी आत सारली. ठेच्याला हात लावला नाही. आमटी नको म्हणाला. मान वर केली नाही. आण्णा समोर बसले होते आणि तसंच जेवत होते. सासरा आणि जावई एका पद्धतीनं जेवत आहेत, याचा कुणाला आनंदच झाला असावा.

स्वयंपाकघरात बायकांचं ठरूनही गेलं होतं.

"पोरगा लई शांत हाय. जेवताना शब्द न्हाय काढला."

"तिखट खात न्हाय. म्हंजे अंगात राग न्हाय."

"घास बी कसा बारका घेतोय. वळन हाय, वळन."

"आमच्या या पाहुनीवानी हाय," सुमनकाकू माझ्याकडे बघत हसल्या. "दोघं बी गप."

माझं गप्प राहणंही या घरात आल्यापासून चांगलं वळण म्हणूनच मोजलं जात होतं. मी तांब्या भरून घेतला.

पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. गणेश शेवटी आला. त्यानं मला ओळखलं. चूळ भरायला गेला, तर पाणी ओठांच्या कडेनं गळून शर्टावर आलं.

"मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "तुमी म्हनला व्हता, कुणालाच न्हाय."

"हो."

"आठवन हाय ना?"

"सोलापूरला गेलात?"

"लगीन झाल्यावर जातो. आदी गेलो तर हे सगळं..." त्यानं ओसरीकडे पाहिलं. तिथं त्याचे वडील आणि आण्णा एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. मी त्याला रुमाल दिला. शर्टावरचा डाग त्यानं पुसून घेतला आणि तो आत गेला.

आरतीच्या मामांनी पाट्यावर सुपारी ठेवली आणि वरवंटा मारला. पहिल्या घावाला ती निसटून भिंतीकडे पळाली. सगळे हसले. दुसऱ्या घावाला फुटली. आरतीच्या मावशीनं अख्खा पेढा गणेशच्या तोंडाशी नेला. तोंड उघडेना. पेढा ओठांवर चुरला आणि त्याच्या मांडीवर पडला.

"लाजायलाय," मावशी म्हणाली.

त्या हशात आरती हसली नव्हती. ती दाराआडून त्याच्या मांडीवर पडलेल्या चुऱ्याकडे बघत होती.

संध्याकाळी भांडी घासताना तिनं मला विचारलं, "ताई, कसे वाटले?"

"मला माहीत नाही."

"बघितलं तर तुमी."

"बघितलं," मी म्हणाले, आणि घासलेलं ताट पुन्हा घासायला घेतलं.

येडशी

परतीची गाडी येडशीहून होती. सुपारी फुटली म्हणून सुमनकाकूंना रामलिंगाला नारळ फोडायचा होता, तेव्हा त्या आणि आरती आमच्याच जीपमध्ये बसल्या. रामलिंगचं देऊळ दरीत आहे. देवाला जाताना वर चढायची सवय असलेल्याला इथं पायऱ्या उतरून जावं लागतं. भोवती अभयारण्याचं रान, पण फेब्रुवारीत त्याचा रंग उडालेला असतो. पावसाळ्यात धबधबा असतो म्हणे. आम्ही गेलो तेव्हा कड्यावर फक्त त्याचा काळा ओघळ होता. माकडं खूप. एकानं माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा ओढला, पायरीवर बसून एकेक पेढा अख्खा तोंडात कोंबला, आणि गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिलं. डॉक्टर सबा हसल्या नाहीत. त्या बघत होत्या ते त्याचं तोंड.

काकू, सर आणि डॉक्टर देवळात गेले. आरती आणि मी वर पायरीवर बसलो.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "परंड्याला तुमी तपासनी केली. तिथं कोन कोन आलं व्हतं?"

"ते सांगता येत नाही. शब्द दिलाय सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"हो."

ती बराच वेळ पायरीवरचं वाळलेलं पान चुरत बसली. मग तिनं हात वर केला आणि तीन बोटं जुळवून माझ्यासमोर धरली. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं एक बोट मिटलं. दोन राहिली. मी पाहतच राहिले. तिनं दुसरं मिटलं.

माझी मान खाली गेली. ती आपोआप गेली असं मी म्हणणार नाही.

"बरं," आरती म्हणाली. तिनं ते उरलेलं बोटही मिटून मूठ मांडीवर ठेवली. "आण्णांना सांगून उपेग न्हाय. आण्णा म्हनतील, मला बी तसंच हाय, मी काय मेलो का?"

"आरती, मी काही सांगितलेलं नाही."

"न्हायच सांगितलं तुमी. मी त्यांनाच विचारनार हाय."

काकू नारळाचा प्रसाद घेऊन आल्या. ओल्या खोबऱ्याचे तुकडे त्यांनी सगळ्यांना दिले. "आण्णांना किसून द्यावं लागल," म्हणाल्या आणि एक तुकडा पदरात बांधून ठेवला. स्टेशनवर त्यांनी माझी खणानारळानं ओटी भरली. मला ओटी कशी घ्यायची ते नीट येत नव्हतं. आरतीनं माझी ओढणी धरली.

पुणे

इथं आल्यावर कामाला लागलो. सरांनी मालाच्या वाटा नकाशावर काढल्या. डॉक्टर सबांच्या तक्त्यात गणेश एक आकडा आहे आणि पुढं 'एक बोट' असं लिहिलं आहे. माझ्या वाट्याला बायकांच्या मुलाखती आल्या. त्या रेकॉर्डिंगवरून उतरवताना मी खिडकी लावून घेत असे, कारण त्यातलं हसणं फार मोठ्यानं ऐकू यायचं.

एप्रिलच्या शेवटी आरतीचा फोन आला.

"ताई, मोडलं माझं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "म्या त्यांना फोनवर विचारलं. म्हटलं, एक पेढा अख्खा खाऊन दाखवा. मग त्यांनीच सांगितलं सगळं. तुमचं नाव न्हाय काढलं म्या, त्यांनी बी न्हाय."

"रागावले का?"

"न्हाय. रडले. म्हनले, तू मोड, मी न्हाय म्हननार न्हाय. पन कारन सांगू नको कुनाला. बहिणीचं जमायचं हाय त्यांच्या. म्या म्हटलं, न्हाय सांगत, पन आदी सोलापूरला जा. तर गेले."

"मग?"

"तुकडा काढलाय. काय निघालं ते न्हाय ठाव. आता मी विचारायची कोन?"

मागं कढईत दूध ढवळल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, घरचे काय म्हणतात.

"फुटलेली सुपारी मोडली म्हनून आई बोलत न्हाय माझ्याशी. गावात म्हनत्यात, पोरीचंच कुठंतरी असल. मामा दोनदा येऊन वरडून गेले."

"आरती, निदान आईला तरी खरं सांग."

ती म्हणाली, "तुमी सांगितलं व्हतं का मला?"

मी मनात वाक्य जुळवत राहिले. ते जुळलं नाही.

"मी काय राग धरून न्हाय म्हनत, ताई," ती म्हणाली. "दिलेला शब्द हाय. ठेवते आता. आण्णा जेवायला बसलेत, भाकरी कुस्करायची हाय त्यांची."